दोन उंचवट्यांचा आलेख

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी वस्ती 'बादली मिस्त्री' म्हणायची. तोंडावर मी भावोजी म्हणायचो, पाठीमागे मीही बादलीच म्हणायचो. खरं सांगायचं तर ते नाव मीच ठेवलं होतं. माणसाला आयुष्यभर चिकटेल असं काहीतरी आपण एका दुपारी चहा पिता पिता बोलून जातो आणि मग ते परत घेता येत नाही.

भावोजी धरणावर उपकरणांचे मिस्त्री होते. धरण म्हणजे फार मोठं नाही. दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा बांध, आतल्या अंगाला दगड आणि पाणी, बाहेरच्या अंगाला गवताचा उतार. वर एका टोकाला आमची नियंत्रण खोली. खाली उताराच्या पायथ्याशी पाझर खोली, आणि तिथून हाकेच्या अंतरावर साठ-सत्तर घरांची खालची वस्ती. पहिल्या ओळीतलं तिसरं घर ताईचं.

मातीचं धरण थोडं पाझरतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ते पाणी पायथ्याशी एका सिमेंटच्या नालीत गोळा होतं आणि लोखंडी पत्र्याच्या खाचेतून पडतं. खाचेमागे पाणी किती उंच चढलं यावरून मिनिटाला किती लिटर पाझरतं ते कळतं. आमचा आकडा चाळीसच्या आसपास. पाणी स्वच्छ आणि आकडा स्थिर असेल तर धरणाची तब्येत ठीक. आकडा वाढला, पाणी गढूळ झालं, तर समजायचं की धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे. मग हाताशी दिवस उरलेत की तास, हे कोणीच सांगू शकत नाही. ताईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर आभाळ दिसायच्या आधी तो गवताचा उतार दिसायचा.

पूर्वी हा आकडा घ्यायला दिवसातून दोनदा कोणीतरी दोनशे अकरा पायऱ्या उतरायचं आणि तितक्याच चढून यायचं. बहुतेक वेळा मीच. माझ्या गुडघ्यांची कटकट ऐकून ऐकून भावोजींचे कान किटले असावेत, कारण एक दिवस ते म्हणाले, "तुझे गुडघे वाचवतो. पण एक सांगून ठेवतो, गुडघे वाचले की डोळे आळशी होतात."

मुख्य कार्यालयाने दोन जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते. भावोजींनी ते मागून घेतले, उघडून ब्रशने साफ केले आणि दोन्हींवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. या माणसाची एक गंमत होती. माझ्याशी अरे-तुरे, पण यंत्रांशी अहो-जाहो. "या, बसा इथे," म्हणत त्यांनी एक कॉम्प्युटर पाझर खोलीतल्या टेबलावर ठेवला. त्याला ते थोरले म्हणायचे. दुसरा नियंत्रण खोलीत, माझ्या नाकासमोर. ते धाकटे. स्क्रू पिळण्याआधी आणि पिळल्यानंतर स्क्रूड्रायव्हर रुमालाने पुसायचा, कानामागे पेन्सिल ठेवायची आणि घरी जाऊन तीच पेन्सिल ताईला शोधायला लावायची, अशी त्यांची तऱ्हा.

खाचेजवळ त्यांनी पाण्याची उंची मोजणारं यंत्र बसवलं. थोरले दर दहा मिनिटांनी त्याच्याकडून आकडा घ्यायचे आणि एका फायलीत एक ओळ लिहायचे. हे जमलं की नाही ते तपासायला भावोजींनी भर दुपारी टाकीवरून बादल्या भरून नालीत ओतायला सुरुवात केली. एकामागून एक, वीस मिनिटं. मग कंबर धरली म्हणून पायरीवर बसले. अर्ध्या तासाने उठून पुन्हा वीस मिनिटं ओतल्या. ताई खिडकीतून हे सगळं बघत होती. "धरणातलं पाणी कमी पडलं म्हणून हे वरून घालतायत," असं ती शेजारणीला म्हणाली. मी वरून खाली आलो तेव्हा त्यांचे कपडे ओले होते, चेहरा लाल झाला होता आणि हातात रिकामी बादली होती. मी म्हटलं, "काय बादली मिस्त्री, भागली का धरणाची तहान?" झालं. संध्याकाळपर्यंत नाव वस्तीभर.

केबल अजून आली नव्हती. म्हणून त्यांनी ती तीन दिवसांची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, वर आणली आणि धाकट्यांच्या एका फोल्डरमध्ये टाकली. आलेख काढणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. तो फायलीतल्या शेवटच्या तीन दिवसांच्या ओळी घ्यायचा, त्यांची रेघ काढायचा आणि अगदी शेवटचा आकडा मोठ्या हिरव्या अक्षरात दाखवायचा. स्क्रीनवर सपाट रेघ आली, तिच्या मधोमध दोन उंचवटे, आणि उंचवट्यांच्या मध्ये एक खळगा.

"ही माझी कंबर," खळग्यावर बोट ठेवून भावोजी म्हणाले. आम्ही दोघं इतके हसलो की धरणाचे साहेब बघायला आले. वर हिरव्या अक्षरात एक्केचाळीस होतं.

तीन आठवड्यांनी केबल आली. ती उतारावरून पुरत नेली आणि मग भावोजींनी मला शेजारी बसवून जोडणी केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांना सांगितल्याशिवाय काम होत नसे. थोरल्यांच्या एका फायलीत त्यांनी एकच ओळ लिहिली. आमचा हा फोल्डर, या पत्त्याच्या कॉम्प्युटरला, फक्त वाचण्यासाठी.

"फक्त वाचण्यासाठी का?" मी विचारलं.

"कारण वर तू बसतोस. तुझ्या हातात लिहायचा हक्क दिला तर तू काहीही लिहिशील."

मी हसलो.

मग धाकट्यांवर त्यांनी तो लांबचा फोल्डर इथल्या फोल्डरवर जोडला. म्हणजे दिसायला आपलाच फोल्डर, पण उघडला की आत थोरल्यांच्या फायली. मी विचारलं, "मग आपल्या फोल्डरमध्ये आधी जे होतं त्याचं काय झालं?"

"काही होत नाही. गादीवर चादर घातली की गादी नाहीशी होते का? चादर दिसते, एवढंच. म्हणून शहाणा माणूस आधी फोल्डर रिकामा करतो आणि मग जोडतो."

बोलता बोलता त्यांना साहेबांचं बोलावणं आलं. ते उठून गेले. परत आले तेव्हा स्क्रीनवर खरा, ताजा आलेख सरकत होता आणि सगळे माना वर करून बघत होते. शहाण्या माणसाने फोल्डर रिकामा केला की नाही, हे मी विचारलं नाही आणि तेही विसरले.

पुढच्याच महिन्यात एक भानगड झाली. वीज गेली की दोन्ही कॉम्प्युटर बंद पडायचे, आणि वीज आली की धाकटे आधी जागे व्हायचे. खालच्या जोडणीची वाट बघत ते अर्धवट तसेच अडून बसायचे. स्क्रीन काळी. साहेबांच्या नाकावर राग. "खालचा मेला तर वरच्यानेही मरायचं? मला स्क्रीन चालू पाहिजे." भावोजींनी समजावून पाहिलं, की अडून बसणं हीच खूण आहे, खाली काहीतरी बिघडलंय हे त्यावरून कळतं. साहेब ऐकेनात. शेवटी भावोजींनी जोडणीच्या ओळीत 'नोफेल' असा एक शब्द घातला. जोडणी मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर तिच्याशिवाय चालू व्हायचं आणि खालचे जागे झाले की मागाहून जोडून घ्यायचं.

"हा शब्द मला आवडत नाही," ते पायऱ्या उतरताना म्हणाले. "घरातलं माणूस परत आलं नाही तरी दार लावून जेवायला बसण्यासारखं आहे हे."

मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. भावोजींना प्रत्येक गोष्टीचं फार, अशी माझी तक्रार असायची. वर्षं गेली. पायऱ्या उतरायचं बंद झालं. वर्ष-दीड वर्षाने आदेशच निघाला की स्क्रीन असताना खाली जाण्याची गरज नाही. पाझर खोलीला कुलूप लागलं आणि चावी भिंतीवरच्या खिळ्याला. सातव्या वर्षी भावोजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. तीन महिन्यांतून एकदा कंत्राटदाराचा माणूस येई, धाकट्यांवरची धूळ पुसे आणि कागदावर सही घेऊन जाई. त्याच सुमारास साहेबांनी तातडीच्या फोन नंबरांचा एक कागद छापून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा, स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर चिकटवला. त्या पट्टीत बारीक अक्षरात शेवटच्या ओळीची तारीख आणि वेळ यायची. कोणी कुरकुर केली नाही, मीही नाही. आकडा तर दिसत होता ना.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

दर दोन तासांनी स्क्रीनवरचा आकडा रजिस्टरमध्ये उतरवणं हे माझं काम. पण सलग एकच आकडा दिसला की साहेब भडकायचे. "खुर्चीत बसून एकाखाली एक लिहितोस काय?" एकदा खरंच आकडा दोन दिवस चाळीसवर होता तर त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून मी एक युक्ती शिकलो. आकडा हलला नाही तर मी हलवायचो. चाळीसच्या जागी कधी एकोणचाळीस, कधी एक्केचाळीस, एखाद वेळी बेचाळीस. फार नाही, एखादा लिटर इकडे-तिकडे. रजिस्टर जिवंत दिसायचं आणि साहेब खूश. यात काही वाईट आहे असं मला एकदाही वाटलं नाही, हे मात्र कबूल करतो.

भावोजींच्या निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. धरण काठोकाठ भरलेलं. एका सकाळी वीज गेली आणि तासाभराने आली. धाकटे जागे झाले, कुठेही न अडता. हिरव्या अक्षरात एक्केचाळीस आलं. मी लिहिलं, एक्केचाळीस. दोन तासांनी पुन्हा एक्केचाळीस. मी लिहिलं, चाळीस. आलेखात मधोमध दोन लहान उंचवटे दिसत होते. मला वाटलं, खाचेत पाचोळा अडकला असेल, निघून गेला असेल.

असे अकरा दिवस गेले. अकरा दिवस त्या उंचवट्यांनी जागा सोडली नाही आणि मी दर दोन तासांनी त्यांच्याकडे बघत होतो. माणूस बघतो आणि त्याला दिसत नाही, असं होऊ शकतं. माझ्यावर विश्वास ठेवा, मी करून बसलोय.

त्या दिवसांत दोनदा ताईकडे जेवायला गेलो. ताईचे गुडघे पार गेले होते, घरातल्या घरात ती चाकाच्या खुर्चीत फिरायची. आमचं घराणंच गुडघ्यांचं कच्चं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "परसातली जमीन ओली लागते रे. खुर्चीची चाकं रुततात. हे गावाला गेलेत म्हणून तुला सांगते, कुठे नळ गळतोय का बघ." मी नळ बघितला. नळ गळत नव्हता. "पाणी भरलंय ना धरणात, थोडी ओल येणारच," असं सांगून मी वाढलेलं जेवलो.

अकराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला भावोजी नियंत्रण खोलीत आले. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला लागायचा आणि त्यावर साहेबांची सही. साहेबांनी त्यांना नीट बघून घेतलं, "आहात बुवा," म्हणाले आणि सही ठोकली. भावोजी हसले. कागद घडी घालून खिशात ठेवणार तोच त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली.

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळे बदलले.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"पाझर. दुसरं काय? एक्केचाळीस."

ते जवळ आले. पहिल्या उंचवट्यावर बोट ठेवलं, मग खळग्यावर, मग दुसऱ्यावर. "ही माझी कंबर आहे," ते हळूच म्हणाले. "अरे, ही माझी कंबर आहे. नऊ वर्षांपूर्वीची."

मला काही समजेना. त्यांनी फोन नंबरांचा कागद नखाने उचकटला. खालच्या पट्टीत तारीख होती. नऊ वर्षांपूर्वीची.

"चादर निघाली आहे," ते म्हणाले. "आपण गादी बघतोय." त्यांनी मला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि पुन्हा जोडणीचा हुकूम दिला. धाकटे बराच वेळ गप्प राहिले, मग एक ओळ आली. थोरले उत्तर देत नाहीत. "वीज गेली होती का?" त्यांनी विचारलं. "अकरा दिवसांपूर्वी," मी म्हटलं. "आणि त्यानंतर खाली कोण गेलं?"

कोणीच नाही.

त्यांनी खिळ्यावरची चावी काढली. "मी जाऊन डोळ्यांनी बघतो. आतल्या फोनवरून बोलेन. तू भोंग्याजवळ थांब." वस्तीला सावध करणाऱ्या भोंग्याचं बटण भिंतीवर होतं, पण त्याच्या पेटीला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात. दाखला टेबलावरच राहिला. साठी ओलांडलेला माणूस त्या दोनशे अकरा पायऱ्या जवळजवळ पळत उतरला. मी खिडकीतून बघत होतो.

दहा मिनिटांनी फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"खोलीत घोटाभर पाणी आहे," भावोजींचा दम लागलेला. "थोरले मेलेत. यंत्रही गेलंय. खाच पाण्याखाली आहे, म्हणून नालीच्या तोंडाशी बादली धरली. दहा लिटरची बादली चार सेकंदांत भरली."

मी मनात हिशेब केला. मिनिटाला दीडशे लिटर. आपल्या एक्केचाळीसला त्या बादलीला पंधरा सेकंद लागायला हवे होते.

"पाणी कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"गढूळ. साहेब, भोंगा वाजवा."

साहेब काही मूर्ख माणूस नव्हते, हे सांगायला हवं. भोंगा वाजवायचा म्हणजे सगळी वस्ती घरंदारं टाकून टेकडीवर पळणार, कोणी पडणार, कोणी चिरडलं जाणार. आदल्या वर्षी शेजारच्या खोऱ्यात खोटा भोंगा वाजला होता आणि तिथल्या साहेबांची नोकरी गेली होती. आमच्या साहेबांनी माझं रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं उलटली.

"मिस्त्री, ऐका. तुम्ही म्हणता स्क्रीन अकरा दिवस बंद पडलेली. जुनाच आकडा दाखवत होती. पण इथे तर आकडा हलतोय. काल सकाळी एकोणचाळीस, दुपारी बेचाळीस, संध्याकाळी चाळीस. आज सकाळी पुन्हा एकोणचाळीस. मेलेली स्क्रीन असे आकडे देईल का? म्हणजे सकाळपर्यंत जोडणी होती. आत्ताच कुठे नालीत काहीतरी फुटलं असेल. पाइप असेल एखादा. पुन्हा मोजा."

भावोजी म्हणाले, "आकडा हलतोय?"

"माझ्या हातात रजिस्टर आहे."

खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा माझ्या अक्षरावर इतका विश्वास होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ते आकडे माझ्या मनचे आहेत. बस, एवढंच. मी ते बोललो नाही. मला नोकरीची तीन वर्षं राहिली होती. खोट्या नोंदीला काय शिक्षा असते ते मला माहीत होतं. मी मनात म्हणत होतो की भावोजी सांगतीलच, त्यांचं ऐकतीलच, माझ्या बोलण्याची गरजच पडणार नाही.

"चार सेकंद," फोनवरून आवाज आला. "पुन्हा चार."

"अजून एकदा. नीट. वरच्या अंगाने कुठे पाइप दिसतो का तेही बघा."

भावोजी गेले. फोन त्यांनी उघडाच ठेवला होता. आम्हाला पाण्याचा आवाज ऐकू येत होता. पूर्वी त्या खोलीत उभं राहिलं तर पाणी गुणगुणल्यासारखं पडायचं. आता ते बोलणाऱ्याचं बोलणं बुडवत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदाचा काटा मी बघत होतो आणि तोंड उघडत नव्हतो.

"पाइप नाही. तीन सेकंद," भावोजी म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी शांत झाला होता. यंत्रांशी बोलायचे तसा. "साहेब, अहो, माझ्या बायकोसाठी म्हणत नाही, खाली शाळा सुटायची वेळ आहे. आणि माझा मेहुणा तिथे असेल तर त्याला फोन द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोल," भावोजी म्हणाले. "तू खाली बघून लिहिलंस का स्क्रीन बघून?"

"स्क्रीन बघून," मी म्हटलं. मग बाकीचंही बाहेर पडलं. "स्क्रीनवर एक्केचाळीसच होतं. अकरा दिवस. मी आकडे हलवले. साहेब, मी हलवले."

साहेबांनी मला शिवी दिली नाही. खिशातून किल्ली काढताना ती दोनदा खाली पडली. शेवटी त्यांनी पेटी उघडली आणि बटण मी दाबलं. भोंगा वाजायला लागला तेव्हा फोनवर भावोजी "वाजला" एवढंच म्हणाले आणि त्यांच्या हातातून फोन सुटल्याचा आवाज आला.

पहिल्या "भोंगा वाजवा"पासून भोंगा वाजेपर्यंत सहा मिनिटं गेली होती. घड्याळ माझ्या समोर होतं, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे.

वस्ती पळाली. शाळेतली मुलं बाईंनी ओळीने टेकडीवर नेली. ताईला शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट उचललं आणि मागच्या गल्लीतून, जवळच्या चढाने वर नेलं. भावोजी पाझर खोलीतून निघाले ते पुढच्या वाटेने घरी. त्यांना ताई रस्त्यात भेटणं शक्यच नव्हतं. ताईने वरून त्यांना दारात शिरताना पाहिलं. ती ओरडली, शेजारी ओरडले, पन्नास माणसं एकदम ओरडली. पण माझा भोंगा इतका मोठ्याने वाजत होता की खाली काहीच ऐकू गेलं नसणार. भावोजी आतल्या खोल्यांतून तिला शोधत असतील. न्हाणीघरात बघितलं असेल, परसात बघितलं असेल. मग उतारावरचं गवत मधोमध खचलं आणि पुढचं मी वरून बघितलं. ते मी लिहिणार नाही.

पहिल्या दोन ओळी गेल्या. माणूस एकच गेला.

चौकशीत रजिस्टर पुराव्याला लागलंच नाही. साहेबांनी ते कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही, आणि भोंगा किती वाजता वाजवायला हवा होता ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघणं सोडलं. अहवालात आलं की एका निवृत्त मिस्त्रीकडून जोडणीआधीची जुनी फाइल काढायची राहून गेल्याने बिघाड लक्षात आला नाही. म्हणजे ज्याने पकडलं त्याच्याच माथी. मी तेही वाचलं आणि गप्प बसलो. तीन वर्षांनी व्यवस्थित निवृत्त झालो. त्या दिवशी टेबलावर राहिलेला, सही केलेला दाखला माझ्या कपाटात आहे. तो ताईला द्यायचा धीर मला कधी झाला नाही.

ताई आता माझ्याकडेच असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, "माझ्या भावाने भोंगा वाजवला म्हणून वस्ती वाचली." लोक माझ्याकडे आदराने बघतात आणि मी चहा आणायला आत जातो. फक्त एकदा, पायाला तेल चोळून घेताना, ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पाच मिनिटं आधी वाजला असता ना, तर घर रिकामं बघून वर यायला वेळ मिळाला असता यांना. वाचले असते." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पण तू तरी काय करणार? कळल्याबरोबर वाजवलास."

मी तेल चोळत राहिलो.

तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. पेपर मीच वाचून दाखवतो, पत्रंही मीच. मी जे वाचेन ते ती खरं धरते. हे सगळं लिहायला घेतलं ते तिच्यासाठी. उद्या सकाळी तिचा चहा झाला की पहिल्या ओळीपासून वाचायला बसणार आहे. वाचता वाचता सहाच्या जागी दोन म्हणावंसं वाटेल, एखादं मिनिट म्हणावंसं वाटेल. तिला कळायचं नाही. पण या वेळी आकडा जो आहे तोच वाचायचा. सहा.